डेंग्यू झाल्यावर आधी कुठे जावे: सरकारी रुग्णालयात की खासगी?

जुना शेजारी:
गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या चौघांना डेंग्यू झाला. चौघेही खासगी रुग्णालयांत दाखल झाले, आणि पुढे महिनाभर चौघांच्याही घरी बिलाखेरीज दुसरा विषय नव्हता. त्यावरून माझे मत मांडतो. डेंग्यूच्या रुग्णाने आधी सरकारी रुग्णालय गाठावे आणि तिथे खरोखरच अडले तरच खासगीकडे वळावे. या विषाणूला मारणारे औषध आज कोणाकडेच नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, पोटात भरपूर पाणी, गरज पडली तर मोजून सलाईन आणि ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे, एवढाच उपचार दोन्हीकडे आहे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्तस्राव होत नसेल, तर प्लेटलेट्स (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या चढवण्याचे कारण नसते. आमच्या एका शेजाऱ्याला, कुठेही रक्तस्राव नसताना, त्या ४८,००० वर असतानाच चढवल्या गेल्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारीत ४,४५२ रुपये, तर खासगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. हे आकडे सगळ्या आजारांचे मिळून आहेत हे मान्य, पण जिथे उपचार मुळात सारखाच आहे, तिथे ही तफावत जास्तच बोचते. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. मग लोक तिकडे का जात नाहीत?

सावली:
आपण रुग्ण जणू दोन दारांसमोर उभा राहून विचार करतो आहे असे धरून चालला आहात. मी भिवंडीत शिकवणी घेते. माझ्या विद्यार्थ्यांच्या आया गोदामांत काम करतात, आणि मुलाला ताप आला की त्या संध्याकाळी सातनंतर, कामावरून सुटल्यावर, गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातात, कारण त्या वेळी जवळपास तेच उघडे असतात. सरकारी ओपीडी सकाळची. तिथे जायचे म्हणजे केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त देण्याची रांग आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी पुन्हा तीच फेरी. म्हणजे दोन दिवसांची रोजंदारी बुडाली. ‘मोफत’ या शब्दात हा खर्च कुठे धरला आहे? तिसऱ्या दिवशी गल्लीतले डॉक्टरच एका चिठ्ठीवर रुग्णालयाचे नाव लिहून देतात आणि माणसे मुकाट्याने तिथे जातात. निवड झाली ती त्या चिठ्ठीवर. आपण दोष मात्र रुग्णाला देत आहात.

जुना शेजारी:
दोष रुग्णाला देत नाही. पण त्या चिठ्ठीमागे अनेकदा काय असते, हेही आपण जाणता. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी घेतलेले कमिशन, रोखण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा तयार करावा लागला होता, तो काही उगाच नव्हे.

मुक्काम नाशिक:
खासगीत जाणारा प्रत्येक जण चिठ्ठीने फसलेला किंवा घाबरलेला असतो, हे मला मान्य नाही. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे आणि हृदयासाठी रोज रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. अशा माणसाला डेंग्यू झाल्यावर ती गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन या दोघांनी मिळून, त्याच दिवशी सोडवावा लागतो. आम्ही आधी सरकारी रुग्णालयातच गेलो होतो. तिथले डॉक्टर मन लावून तपासत होते, पण वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण होते आणि हृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या दिवशी येणार होते. आम्ही रात्रीच वडिलांना खासगीत हलवले. मेडिक्लेम होता, पैसे गेले नाहीत. एक कबुली देतो: विम्याचे पैसे साधारणपणे २४ तास दाखल राहिल्याशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे घरी राहून रोज रक्त तपासले तरी भागेल असे रुग्णही दाखल होतात. आमच्या शेजारच्या खाटेवरचा तरुण चार दिवस फोनवर चित्रपट पाहत होता. तो दोष विम्याच्या रचनेचा आहे, रुग्णालयाचाच आहे असे मी म्हणणार नाही.

जुना शेजारी:
वडिलांच्या बाबतीत आपण केले ते योग्यच होते. ज्येष्ठ, गर्भवती, मधुमेही किंवा आधीपासून हृदयविकार असलेले रुग्ण मी माझ्या नियमातून वगळतो. पण मेडिक्लेम नसलेल्यांचे काय? २०१७ मध्ये गुरुग्राममध्ये डेंग्यू झालेल्या सात वर्षांच्या मुलीच्या पालकांच्या हाती सुमारे १६ लाख रुपयांचे बिल पडले होते, आणि मूलही वाचले नव्हते. ते टोकाचे उदाहरण आहे, हे मीच सांगतो.

प्रयोगशाळेतून:
मी सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, म्हणून रिपोर्टच्या उशिराबद्दल लिहितो. खासगीत बहुधा कार्डावर रक्ताचा थेंब टाकून अर्ध्या तासात ‘पॉझिटिव्ह’ सांगतात. आमच्याकडे ती तपासणी अंतिम धरत नाहीत. एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी करावी लागते, आणि त्यातले आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) शोधण्याचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून येते. एलायझाच्या प्लेटमध्ये ९६ खाचा असतात. चार नमुन्यांसाठी किट फोडणे परवडत नाही, म्हणून पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबतो आणि रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी जातो. रुग्णाला वाटते, इथे कोणी विचारत नाही. खरे तर उपचार त्या रिपोर्टसाठी अडत नाही. रोजचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, त्याच दिवशी मिळतो आणि डॉक्टरांना निर्णयासाठी तोच लागतो. ही गोष्ट खिडकीवर कोणी समजावून सांगत नाही, हे आमचे चुकते. मात्र कार्डाच्या तपासणीवर विसंबून निर्धास्त होणाऱ्यांनाही सांगतो, की एनएस-१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची असते. सहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे होत नाही.

सावली:
म्हणजे कागद वेळेवर न मिळाल्यामुळे माणसे खासगीत जातात, आणि तो कागद उपचारासाठी लागतही नाही. हे त्या आयांना कोण सांगणार?

वॉर्डातली सिस्टर:
वीस वर्षे सरकारी रुग्णालयात काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपण सगळे ‘आधी कुठे’ यावर वाद घालत आहात. आमच्याकडे जे रुग्ण हातचे जातात किंवा जाता जाता वाचतात, त्यांपैकी अनेकांनी निवड एकदा नव्हे, दोनदा केलेली असते. पहिले तीन-चार दिवस खासगीत काढायचे, डिपॉझिट संपले की पाचव्या-सहाव्या दिवशी आमच्याकडे यायचे. नेमका तोच काळ वाईट असतो. ताप उतरलेला असतो, घरचे म्हणतात ‘आता बरा आहे’, आणि त्याच २४ ते ४८ तासांत रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते. नातेवाईक हातातला कागद पुढे करतात. त्याच्या पाठीवर बॉलपेनने पेशींचे, म्हणजे प्लेटलेट्सचे, आकडे ओळीने लिहिलेले असतात: १,१०,०००, ८२,०००, ५४,०००. हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) त्यावर कुठेच नसते, सलाईन किती गेले आणि लघवी किती झाली हेही नसते. मूळ पातळीपेक्षा हिमॅटोक्रिट २० टक्क्यांनी वाढले, तर पाणी झिरपते आहे असे आम्ही धरतो. पण मूळ पातळीच माहीत नसेल तर वीस टक्के कशाचे मोजायचे? रिक्षातून आलेल्या अशा रुग्णाचे पोट दुखत असते, उलट्या थांबत नसतात, हातपाय गार असतात, आणि पेशी ५४,००० आहेत म्हणून घरचे निश्चिंत असतात.

आमच्या बाजूचेही सांगते. रात्रपाळीला चाळीस रुग्णांमागे आम्ही दोघी असतो. दर तासाला रक्तदाब आणि लघवी मोजायची म्हटले, तर ती सगळ्यांची मोजून होत नाही, हे मी लपवणार नाही. म्हणून सरसकट ‘सरकारीतच या’ असे मीही म्हणत नाही. पण खासगीत जाणार असाल, तर सातव्या दिवसापर्यंत पुरेल एवढा पैसा आहे का, हे पहिल्याच दिवशी घरात बसून मोजा. नसेल तर दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे या.

मुक्काम नाशिक:
पहिल्या दिवशी खर्च मोजायचा कशावरून? दरपत्रक कोणी दाखवत नाही.

जुना शेजारी:
राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाला, तेव्हापासून खासगी रुग्णालयांनी ठरावीक १५ सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. विचारायचा आपल्याला हक्क आहे. धर्मादाय न्यासाचे रुग्णालय असेल, तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीच्या दरात राखीव असतात, हेही विचारावे. सिस्टरांचे म्हणणे वाचून माझे विधान बदलतो: सरकारीत आधी जावे, यापेक्षा अर्ध्यातून बदलावे लागेल असे रुग्णालय निवडू नये, हे अधिक बरोबर आहे.

सावली:
आपण विधान बदललेत, हे बरे झाले. पण संध्याकाळी सातचा प्रश्न तसाच राहिला. २०२३ पासून राज्यभर उघडलेले ‘आपला दवाखाना’ नावाचे सरकारी दवाखाने संध्याकाळीही चालतात, असे ऐकून मी आमच्या भागातला शोधायला निघाले. तो सापडला, डॉक्टरही होते. रक्ताचा नमुना मात्र ‘उद्या सकाळी या’ म्हणून परत पाठवला.