पट्ट्यावरचा नंबर कोरूनच घ्या

ताई, दादरला सुटलेला तुमचा कुत्रा भांडुपच्या अनोळखी काकांनी चार दिवस सांभाळला हे वाचून पोटात कालवलं, कारण आमचा मोत्याही असाच गेला होता, रत्नागिरीत, ऐन लक्ष्मीपूजनाला. शेजारी माळ लागली आणि हा साखळी तोडून पसार. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच्या उंच पट्टीचा आवाज ऐकू येतो, कुत्र्यांना त्याच्या दुपटीहून उंच पट्टीचाही, मग त्या बिचाऱ्याचं काय होत असेल!

तिसऱ्या दिवशी मिरकरवाड्यातून, म्हणजे तिथल्या मासेमारी बंदरावरून, एका मावशींचा फोन आला, पट्ट्यावर आईने मार्करने लिहिलेला नंबर पुसट झालेला, तर त्यांनी शेवटचा आकडा बदलत बदलत सात-आठ ठिकाणी फोन लावून आम्हाला गाठलं. गेलो तर स्वारी जाळ्यांच्या ढिगावर, मिशांना खवले चिकटलेले. "रात्रभर रडत होता रे, म्हणून घरात घेतला," एवढंच म्हणाल्या, पैसे घेतलेच नाहीत.

मायक्रोचिप (कुत्र्याच्या कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप) जरूर बसवा, पण तिचा १५ आकडी नंबर स्कॅनरशिवाय वाचता येत नाही, त्या मावशींकडे स्कॅनर कुठून येणार? म्हणून पट्ट्यावर फोन नंबर हवाच, आणि तो कोरलेला. आम्ही दर भाऊबीजेला फराळ घेऊन जातो त्यांच्याकडे, मोत्या पुढे धावतो.