मुलींना ८०० मीटर झेपत नाही म्हणतात, खरंय का? आणि डोरिस ब्राऊन हेरिटेजबद्दल कुणी सांगेल का

गुहागरची आई: लेक नववीत आहे, ८०० धावते, तालुक्याला पहिली आली आणि आता घरातले म्हणतायत बस झालं, एवढं लांब पोरींना झेपत नाही, शंभर-दोनशे पळ म्हणावं. शाळेतले सर चांगलेत पण ते मूळचे खो-खोचे. त्यांनीच हे डोरिसचं नाव सांगितलं, अमेरिकेची धावपटू आणि नंतर कोच एवढंच कळलं. इकडे ट्रॅक नाही, जांभ्याचं मैदान, पावसात सगळं शेवाळ.

कातळसडा: ताई, हे 'झेपत नाही' फार जुनं दुखणं आहे. १९२८ ला ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० पहिल्यांदा ठेवली, जर्मनीची लीना राड्के २:१६.८ मध्ये जिंकली, चक्क वर्ल्ड रेकॉर्ड. पण शर्यतीनंतर बायका दमलेल्या दिसल्या (पुरुष काय टवटवीत असतात?) आणि पेपरवाल्यांनी अशी बोंब ठोकली की शर्यतच काढून टाकली, ती परत आली थेट १९६० ला. डोरिस १९४२ ची, म्हणजे शाळेत होती तेव्हा तिच्यासाठी ऑलिंपिकमध्ये ही शर्यतच नव्हती, आणि शाळेच्या ट्रॅकवर मुलींना बंदी. तरी १९६६ ला इनडोअर (छताखालच्या ट्रॅकवर) मैल ४:५२ मध्ये, इनडोअरला पाच मिनिटांच्या आत येणारी पहिली बाई. १९६७ ते ७१ सलग पाच वर्षं क्रॉस कंट्रीची (ट्रॅकबाहेर माळरानातून पळायची लांब शर्यत) जागतिक विजेती, मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८०० ला पाचवी. ७२ ला म्युनिकमध्ये बायकांची १५०० पहिल्यांदाच होती, नेमकं तिचं पायाचं हाड मोडलं, पळताच आलं नाही. पुढे सिॲटल पॅसिफिक युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं कोच, १९८४ ला अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमची सहाय्यक कोच. मला तर तिची कोचिंगच जास्त मोठी वाटते, मेडलचं काय, ते एकटीचं असतं.

मालवणी भाऊ: अमेरिका रव्हांदे गो बाय, आपली शायनी अब्राहम सांग पोरीक, १९८४ च्या ऑलिंपिकात ८०० च्या सेमीफायनलला गेलेली. आणि गीता झुत्शी, ७८ च्या एशियाडमध्ये ८०० चं गोल्ड.

गुहागरची आई: हे आज जेवताना सासऱ्यांसमोरच वाचून दाखवते 😄 पण सराव कुठे करायचा?

कातळसडा: ओहोटीला किनाऱ्यावर, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट वाळूत. किनारा एका बाजूला उतरता असतो त्यामुळे गेली त्याच पट्ट्याने परत यायचं, नाहीतर एकाच पायावर ताण येतो. कोरड्या भुसभुशीत वाळूत रोज नको, पोटऱ्या धरतात. आठवड्यातून एकदा घाटीचा चढ, खाली मात्र चालत.