ईसीआर (इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन रेझोनन्स: सूक्ष्मतरंगांनी वायूचा प्लाझ्मा करून आयन देणाऱ्या) स्रोतातलं 'इलेक्ट्रॉन तापमान' क्ष-किरणांवरून काढतात, त्यावर किती विसंबायचं?

उतारखोर:
आयन स्रोतांवरच्या सादरीकरणांत एक आलेख ठरलेला असतो. क्ष-किरणांचा वर्णपट, उभा अक्ष लॉगमध्ये, शेपटाला टेकवलेली सरळ रेघ आणि खाली ठळक अक्षरांत 'तापमान ७० केईव्ही'. १ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) म्हणजे सुमारे १.१६ कोटी केल्विन, त्यामुळे पाहुणे खूश. पण इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मॅक्सवेलच्या नियमानं, म्हणजे टकरांतून सगळ्यांत मुरून, वाटलेली असेल तरच रेघेच्या उताराला तापमान म्हणण्यात अर्थ. ईसीआरमध्ये चुंबकीय क्षेत्र सूक्ष्मतरंगांशी जुळतं (१४ गिगाहर्ट्झला अर्धा टेस्ला, २८ ला १ टेस्ला) तेवढ्या पातळ थरातच इलेक्ट्रॉन तापतात. टकरा इतक्या विरळ की ती ऊर्जा सगळ्यांत वाटलीच जात नाही. थंड, कोमट आणि कडक अशा तीन टोळ्या एकाच डब्यात नांदतात. रेघ दाखवते ती फक्त कडक टोळी. आयन घडवण्याचं काम मुख्यतः कोमट टोळीचं: आरगॉनचा शेवटून दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४.१ केईव्ही लागतात, आणि टक्कर सर्वांत फळते ती त्याच्या काही पटींत. मग सत्तर केईव्हीसारखे आकडे मिरवायचे कशाला?

हेलियमवाला:
असहमत. गाभ्यात लँगम्युअर प्रोब (प्लाझ्मात खुपसायची मोजणीची तार) घालून बघा, प्लाझ्मा बिघडेल आणि प्रोबही हाती लागणार नाही. क्ष-किरण आपणहून बाहेर येतात. कॉलिमेटरमागे (किरणांची बारीक शलाकाच आत सोडणाऱ्या भोकामागे) जर्मेनियम डिटेक्टर ठेवला की झालं. अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेच्या व्हीनस या ईसीआर स्रोतावर याच 'निरर्थक' उतारानं दाखवून दिलं, की अक्षीय दिशेनं मोजलेला उतार मुख्यतः चुंबकीय क्षेत्राच्या किमान मूल्यावर, म्हणजे बी-मिनवर ठरतो. हे दुसऱ्या कशानं कळलं असतं?
आणि कडक टोळी बिनकामाची म्हणता, तिचं बिल आम्ही भरतो. तिचे क्ष-किरण चेंबरची भिंत ओलांडून थेट अतिवाहक गुंडाळ्यांच्या थंड भागात ऊर्जा टाकतात. ४.२ केल्विनला एक क्रायोकूलर (थंड ठेवणारं यंत्र) जेमतेम दीडेक वॅट ओढतो. व्हीनसमध्ये २ मिमी टँटलमचं कवच उगाच घातलेलं नाही.

उतारखोर:
कवचासाठी किती किरण कुठल्या ऊर्जेचे, एवढं कळलं की भागतं. तो वर्णपट झाला; त्यावर माझा आक्षेप नाहीच. आक्षेप आहे तो रेघेवर. ८० ते १२० केईव्हीमध्ये टेकवा, मग २०० ते ३०० मध्ये टेकवा, तोच स्रोत दोन आकडे देतो. शिवाय किरण येतात कुठून? निसटलेले इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटतात, तिथलेही त्यात मिसळतात. कवच असेल तर वर्णपटात ५७.५ केईव्हीला टँटलम धातूची स्वतःची रेषा उभी दिसते, ती काय प्लाझ्माची?

कोलाबकर:
दोघांच्या मधे बोलतो. फिनलंडमधल्या यिवास्किलाच्या गटानं निसटलेले इलेक्ट्रॉनच वळणचुंबकातून (ऊर्जेनुसार वेगळे वळवणाऱ्या चुंबकातून) मोजले, तर २०० केईव्हीच्या आसपास चक्क उंचवटा निघाला. सरळ रेघ मागणाऱ्यांनी तो आलेख जरूर बघावा. तरी बी-मिन बदलता येत असेल तिथं तुलनेसाठी उतार कामाचा, हे मान्य. मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) १४.५ गिगाहर्ट्झच्या स्रोतात चुंबक कायमचे, त्यामुळे बी-मिन फिरवायची सोयच नाही. हाताशी उरतात वायूचा दाब आणि सूक्ष्मतरंगांची शक्ती. तिथं मी पैसे मऊ क्ष-किरणांवर घालीन, काही केईव्हीच्या. हंगेरीतल्या डेब्रेसेनला पिनहोल (सुईच्या भोकाच्या) कॅमेऱ्यानं प्लाझ्माचे क्ष-किरण फोटो काढतात. रेषा कुठून येते, भिंतीवरून की आतून, ते थेट दिसतं.

हेलियमवाला:
फोटो सुंदर असतात, खरंय. पण कॅमेऱ्यासाठी चेंबरला खिडकी आणि अक्षावर मोकळी जागा लागते. रोज बीम देणाऱ्या स्रोताचं तोंड त्यासाठी कोण उघडू देईल? माझा डिटेक्टर बाहेर उभा राहतो आणि बीम चालू असताना मोजतो. रेघ कुठून कुठपर्यंत टेकवली, डिटेक्टर अक्षीय होता की अरीय (बाजूनं बघणारा), पाइल-अप (दोन किरण एकदम येऊन एकच मोजले जाणं) किती, हे सगळं आकड्याशेजारी छापा म्हणालात तर उद्यापासून छापतो. आकडाच काढू नका म्हणाल तर नाही.

उतारखोर:
छापा. आणि 'तापमान' हा शब्द अक्षाच्या नावातून काढा, 'उतार' लिहा. पाहुण्यांसाठी कोटी केल्विन तोंडी सांगा हवं तर.