दाराला नवं बांधायचंय, लोंब्या कुठून आणू?

अनघा, डोंबिवली:
माझं माहेर लांज्याजवळ. दसऱ्याला आमच्याकडे 'नवं' बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूचं फूल, झेंडू. दाराला तोरण, आणि देव्हारा, तुळस, रहाट, नांगर, कोयती, सगळ्यांना एकेक जुडी. आई बांधत जायची, मी टोपली धरून मागे. लग्नानंतर काका दरवर्षी एसटीने पिशवी पाठवायचे. यंदा त्यांच्याने शेती झाली नाही, खाचरं पडीक आहेत. घरात सगळे म्हणतात कापडी तोरण आण, वर्षभर टिकतं. पण दाण्याशिवाय नवं कसलं? लोंब्या मिळतील कुठे?

मंदार, गिरगाव:
दादरच्या फूलबाजारात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटेच जा. पालघर, कसाऱ्याकडच्या बायका लोंब्या, आंब्याचे डहाळे आणि आपटा घेऊन बसतात. फार घासाघीस करू नका, रात्रभर प्रवास करून आलेल्या असतात.

राजापूरचा शेतकरी:
ताई, हट्ट सोडू नका. दसऱ्याला हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तयार असतं म्हणून तर त्याचा मान. झेंडू नसला तरी चालेल, तो मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. कुर्डू मात्र आपल्याच बांधावर उगवतो. लोंबी दाणा भरलेलीच निवडा, पोचट नको. पानाचं देठ दुमडून हिराच्या, म्हणजे माडाच्या पातीच्या काडीने टोचा, स्टेपलरची पिन नको. आणि चार दाणे सोलून त्या दिवशीच्या खिरीत टाका.

शुभदा, पुणे:
पुढच्या वर्षासाठी जूनमध्ये बादलीत हळवं भात पेरा. खाली चिखल, वर चार बोटं पाणी, भरपूर ऊन. मी गच्चीवर करते. सात-आठ लोंब्या येतात, एका दाराला पुरतात.

अनघा, डोंबिवली:
खिरीतले दाणे! आई टाकायची, मी विसरलेच होते. दादरला जातेय. एक राहिलं, गेल्या वर्षीचं नवं अजून दारावर आहे. दाणे चिमण्यांनी खाल्ले, काड्याच उरल्यात. आमच्याकडे नवं बांधताना जुनं उतरवून माडाच्या मुळाशी ठेवायचे. इथे कुठे ठेवू?

राजापूरचा शेतकरी:
तुळशीच्या कुंडीत.