भीमकुंड धबधबा (चिखलदरा): पाणी कधी, धुकं कधी, आणि मागचा इतिहास

अंजनगावकर:
सत्तरीतले आईबाबा आणि दोन लहान मुलं सोबत आहेत. चिखलदऱ्याला भीमकुंड पाहायला कोणत्या महिन्यात जावं? ऑगस्टमध्ये नुसतं धुकंच दिसते असं बरेच जण सांगतात. खाली कुंडापर्यंत उतरता येते का? आणि गाविलगड त्याच दिवशी होईल का?

सातपुडा_वऱ्हाड:
भाऊ, आधी पाण्याचं गणित पाहा. हा धबधबा पठारावरच्या पावसावर चालतो. वर मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण, त्यामुळे पाणी मुरत कमी आणि वाहून जास्त जाते. जोराची सर थांबली की धार लवकर बारीक होते. म्हणून नुसता महिना पाहून निघू नका. दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि उघाड पडली की लगेच निघा.

धुक्याचं कारण वेगळं. मैदानावरून आलेली ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि दरीत भरून राहते. ऑगस्टमध्ये कधी दिवसभर काहीच दिसत नाही. पण वारा सुटला की पडदा फाटतो, म्हणून कठड्याजवळ तासभर थांबायची तयारी ठेवा. म्हातारी माणसं सोबत आहेत तर माझ्या मते सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम. धार थोडी कमी राहील, पण वरपासून खालपर्यंत दिसेल.

घाटवाट:
खाली उतरू नका, कोणी घेऊन जातो म्हणाला तरी. हा कडा लाव्ह्याच्या थरांचा आहे. कठीण थराखालचा ठिसूळ, भोकाभोकांचा थर पाण्यानं झिजतो, वरच्याचा आधार जातो आणि दगड सुटून खाली येतात. हे जास्त करून पावसातच होते. शिवाय शेवाळ. ओल्या पाषाणावर ते काळंच दिसते, पाय पडेपर्यंत कळत नाही. रबरी चपला घालू नका, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घाला. मुलांचा हात कठड्याजवळ सोडू नका.

पेट्रोल परतवाड्यालाच भरा. घाटात धुकं लागलं तर मोठा दिवा लावू नका, उजेड धुक्यावर आपटून उलटा डोळ्यांत येतो. खालचा दिवा लावा आणि गाडी हळू घ्या. गोणपाट किंवा जुनी चादर जवळ ठेवा, चिखलात चाक फिरायला लागलं तर त्याखाली टाकायला कामी येते. दुपारी चारच्या आत घाट उतरायला लागा.

इतिहासवेडी_अचलपूर:
भीमानं कीचकाला मारून इथं दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, ही कथा. श्रद्धेनं ऐकावी अशीच आहे, पण लिखित इतिहास पाहायचा तर गाविलगडाकडे वळा. बहमनी सुलतान अहमदशाहनं १४२५ च्या सुमारास गड बांधला, पुढे इमादशाहीत डागडुजी झाली. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्याआधी त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनची फौज ७ ते १२ डिसेंबर डोंगरातून स्वतः रस्ता करत, तोफा हातांनी ओढत गडाच्या उत्तरेला पोचली. भीमकुंडाच्या कड्यावर उभं राहून दऱ्या पाहिल्या की ते काम किती अवघड होतं ते कळते! गड पडल्यावर दोनच दिवसांनी भोसल्यांशी देवगावचा तह झाला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी तुमच्याच सुर्जी-अंजनगावला.

१८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत हे पठार आलं आणि पुढे थंड हवेचं ठिकाण झालं. आजूबाजूचं मेळघाटचं जंगल १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आलं. कोरकू आणि गवळी वस्त्या मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्या गावात विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

गड त्याच दिवशी जमेल, पण अर्धाच. सकाळी गड, दुपारी धबधबा, असा क्रम ठेवा. सकाळी दरीत धुकं दाट राहते. पावसाळ्यात गडावर गवत खूप वाढते आणि त्यात पडक्या भिंतींचे दगड लपलेले राहतात. त्यामुळे आईबाबांना दिल्ली दरवाज्यापर्यंतच न्या. त्यावरचं हत्ती पकडलेल्या गंडभेरुंडाचं (दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी) कोरीवकाम मुलांना नक्की दाखवा.