‘इनेबल्ड’ सर्व्हिसला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: टीममधल्या नव्या मुलांसाठी अ‍ॅन्सिबल या अनेक सर्व्हर एकदम सांभाळायच्या साधनावरची टिपणं मराठीत लिहितोय. सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) ‘इनेबल्ड’ आहेत का हे तपासण्यापाशी अडलो. फोनच्या सेटिंगमधला ‘सक्षम’ चालेल, की सरळ ‘चालू’ लिहू?

उत्तर: ‘चालू’ कृपा करून लिहू नका. सर्व्हिस आत्ता चालते आहे का आणि मशीन बूट झाल्यावर ती आपणहून उठेल का, हे सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘इनेबल्ड’ हे फक्त दुसऱ्याचं उत्तर. नुसतं इनेबल केलं की टार्गेटच्या (एकत्र उठवायच्या सर्व्हिसेसच्या गटाच्या) ‘वॉन्ट्स’ फोल्डरमध्ये सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी जोडणी, बनते. सर्व्हिस सुरू होत नाही. म्हणूनच महिनोन्‌महिने बिनबोभाट चाललेला डेटाबेस रीबूटनंतर बंद सापडतो: कुणीतरी तो हाताने सुरू केलेला असतो, इनेबल करायचं राहिलेलं असतं.

‘सक्षम’ही नको. डिसेबल्ड सर्व्हिस काही अक्षम नसते, हाताने सुरू केली की उत्तम चालते.

माझं मत ‘लावलेली’ला. आपण डबा लावतो, पेपर लावतो. आजचा डबा आला का, हा प्रश्न वेगळा. ‘एनजिनएक्स (वेब सर्व्हर) बूटला लावलेली आहे, पण आत्ता बंद आहे’ हे वाक्य नव्या मुलालाही लगेच कळेल.

अ‍ॅन्सिबलही हा भेद पाळतं. सर्व्हिस मोड्यूलमध्ये ‘स्टेट’ आणि ‘इनेबल्ड’ असे दोन स्वतंत्र पॅरामीटर आहेत. (पपेट या तशाच दुसऱ्या साधनात ‘एन्शुअर’ आणि ‘इनेबल’.) नुसतं तपासायचं असेल तर सर्व्हिसेसची माहिती गोळा करणारं ‘सर्व्हिस फॅक्ट्स’ मोड्यूल चालवा. तिथे मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा: ‘स्टेट’मध्ये रनिंग किंवा स्टॉप्ड येतं, इनेबल्ड-डिसेबल्ड येतं ते ‘स्टेटस’मध्ये. नावंही ‘क्रोनीडी डॉट सर्व्हिस’ अशी शेपटासकट लागतात आणि मधल्या टिंबामुळे चौकटी कंसात, अवतरणात घालावी लागतात.

प्रश्न: ‘लावलेली’ पटलं. पण स्टेटसमध्ये ‘स्टॅटिक’ आणि ‘मास्क्ड’ही दिसतात. त्यांचं काय?

उत्तर: स्टॅटिकला ‘स्थिर’ म्हणाल तर वाचणारा भलतंच समजेल. त्या सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (तिचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) ‘इन्स्टॉल’ भागच नसतो, म्हणून ती लावता येत नाही. गरज पडली की दुसरं युनिट तिला ओढून आणतं. मी ‘परावलंबी’ लिहीन. ‘स्टेटस इनेबल्ड नसेल तर नापास’ अशी सरसकट अट घातलीत, तर या सर्व्हिसेस विनाकारण नापास होतील. उलट ‘सिस्टिमसीटीएल इज-इनेबल्ड’ ही कमांड स्टॅटिकलाही एक्झिट कोड 0 (म्हणजे ‘होय’) देते, म्हणजे नुसत्या कोडवर विसंबलात तर परावलंबी सर्व्हिस लावलेली वाटेल. छापून आलेला शब्दच वाचा.

मास्क्ड म्हणजे थेट डेव्ह-नलला (लिनक्समधल्या रिकाम्या ‘शून्य’ फाइलला) जोडलेली. हातानेही सुरू होत नाही. बोलताना ‘मुसक्या बांधलेली’, टिपणात ‘रोखलेली’. आणि डिसेबल्डला ‘बंद’ नको, ‘न लावलेली’ लिहा.