एचडीचे पैसे भरूनही मॅच पुसट: दोष कंपनीचा की आपल्या टीव्हीचा?

होटगीरोडकर:
४३ इंची टीव्ही घेतला, डीटीएचचा एचडी पॅक मारला, आणि चौकार बसला की सीमारेषेपर्यंत चेंडूऐवजी चौकोनच पळताना दिसतात. गवताचा हिरवा लगदा होतो, मागचं पब्लिक म्हणजे नुसते ठिपके. स्टुडिओत बडबड करणारे मात्र चकाचक. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, "पावसाळी हवामान असेल, सर." एप्रिलमध्ये! सोलापुरात! माझं मत सरळ आहे, कंपन्या एचडीच्या नावाखाली पाणी घातलेलं दूध विकतात.

पत्रातालीम:
कंपनीला शिव्या घालणं सोपंय बे. आधी सांग, सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत वायर कुठली? एचडी बॉक्सला लाल-पिवळी-पांढरी वायर लावून बसलेली कितीतरी घरं मी बघितलीत. त्या वायरीतून एचडी येतच नाही, ५७६ ओळींचं जुनंच चित्र येतं. वर टीव्ही भडक रंगांच्या 'विविड' मोडवर, शार्पनेस शंभरावर.

होटगीरोडकर:
एचडीएमआयच आहे, बॉक्सचं सेटिंगही १०८०आय. पुढं बोला.

साखरपेठ:
पावसाचं कारण इथं लागूच होत नाही. डीटीएच उपग्रहाच्या केयू बँड नावाच्या लहरींवर चालतं, जोराच्या पावसात सिग्नल पडतो हे खरं. पण डिजिटलमध्ये सिग्नल कमी पडला की चित्र तुटतं, अडकतं, शेवटी 'नो सिग्नल' येतं. जुन्या अँटेनासारखं हळूहळू पुसट होत नाही. तेव्हा डिशची छत्री हलवायला गच्चीवर चढू नका, उन्हात भाजाल.

लगदा होतो तो बिटरेटमुळे, म्हणजे चॅनेलच्या चित्राला सेकंदाला किती डेटा मिळतो त्यामुळे. उपग्रहावरच्या एका ट्रान्स्पॉन्डरची (सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्राची) क्षमता ठरलेली, ती सगळ्या चॅनेलांत वाटायची. स्टुडिओतल्या माणसाचं फक्त तोंड हलतं, त्याला थोडक्यात भागतं. कॅमेरा चेंडूमागं फिरला की गवत, प्रेक्षक, बोर्ड, सगळंच एकदम बदलतं. तेवढे बिट नसले की चौकोन दिसणारच.

पत्रातालीम:
चौकोनांचं मान्य. पण चेंडू मधेच गायब होतो, बॅटभोवती भूत दिसतं, ते टीव्हीचंच काम. १०८०आय म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी, एकदा सम. ती जोडायचं काम टीव्ही करतो, आणि स्वस्त टीव्ही तिथंच मार खातो. त्यात मोशन स्मूदिंग चालू असलं तर मधली चित्रं तो मनानंच बनवतो. ते आधी बंद कर.

जुळे सोलापूर:
आमच्याकडं फ्री डिश, दूरदर्शनची बिनभाड्याची. खासगी चॅनेलांना मॅचचा सिग्नल दूरदर्शनला द्यायला लावणाऱ्या २००७ च्या कायद्यामुळं भारताचे वनडे, टी-२० दूरदर्शनवर फुकट दिसतात. साधं एसडी, पण २४ इंचीवर झकास दिसतं. मोठा टीव्ही घेऊन दुःख विकत कोण घेणार?

साखरपेठ:
आयपीएल कुठं दिसतं त्यावर?

जुळे सोलापूर:
ते मोबाइलवर बघतो. चित्र झ्याक, फक्त विकेट पडल्याचं शेजारी आधी ओरडतात.

होटगीरोडकर:
स्मूदिंग बंद केलं. भूत गेलं, पत्रातालीमला मानलं. पण सीमारेषेवरचे चौकोन जागच्या जागीच. टीव्ही माझा मी बदलेन, पण एचडीचं जादा भाडं दर महिन्याला घेतात त्याचं काय?

पत्रातालीम:
मग तक्रार कर. फोनवर रडून उपयोग नाही, तक्रार क्रमांक घे आणि चौकार जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव.